हळद उन्हात ठेवली : सांगलीतलं एक प्रकरण

क्लिप अकरा सेकंदांची. चुलत बहिणीच्या हळदीत एक मुलगी नाचतेय, अंगावर कुणीतरी हळदीचं पाणी ओतलंय, साडी भिजलीय, ती हसतेय. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने आपल्या पेजवर नमुना म्हणून टाकलेला मूळ व्हिडिओ चार मिनिटांचा होता. त्यात नवरी होती, आज्या होत्या, ताशेवाले होते. कुणीतरी त्यातून एवढाच तुकडा कापला, वेग निम्मा केला, दुसरंच गाणं लावलं, वर एक ओळ लिहिली आणि खाली तिचा मोबाईल नंबर टाकला. ती ओळ मी इथे लिहिणार नाही.

हे २०२५ च्या फेब्रुवारीतलं, सांगलीच्या गावभागातलं. मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. डी.फार्म. करून एका औषध दुकानात काउंटर सांभाळते. मी शाळेत सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. ती माझ्याकडे आली तेव्हा क्लिप फिरून पाच दिवस झाले होते. हा मजकूर तिने दोनदा वाचला, एक परिच्छेद काढायला लावला, काही तपशील बदलायला सांगितले. नाव नको म्हणाली, म्हणून नाव नाही.

पहिले आठ दिवस

घरातल्यांचं म्हणणं पहिल्या दिवशी एकच होतं, गप बसा. काका म्हणाले, "चार दिवसांनी लोक विसरतील. आपणच बोभाटा केला तर जन्मभर चघळतील." आईने तिचा फोन काढून घेऊन कपाटात ठेवला. आईची माया मला कळते. पण फोन कपाटात गेला म्हणून लोकांच्या फोनमधली क्लिप थांबत नाही, आणि पुरावा मात्र हातचा जातो.

पहिलं शहाणपण तिच्या दुकानातल्या सहकारी ताईंनी केलं. क्लिप जिथे जिथे दिसली तिथला स्क्रीनशॉट, लिंक, तारीख, वेळ हे सगळं त्यांनी तिच्याकडून नोंदवून घेतलं. अनोळखी नंबरांवरून येणाऱ्या फोनसाठी शंभर पानी वही केली. त्या वहीला पुढे या प्रकरणात मोठी जागा मिळाली.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर गेली आणि पोलीस ठाण्यातही गेली. इथे एक गोष्ट मला नव्याने कळली, ती सविस्तर सांगायला हवी. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६ई खासगीपणाच्या भंगाचं आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण ते शरीराच्या खासगी भागाच्या चित्रणापुरतं आहे. भारतीय न्याय संहितेतलं कलम ७७ चोरून चित्रण करण्याबद्दल आहे, आणि तिथेही बाई खासगी कृतीत असावी लागते. ही मुलगी तर साडी नेसून, दोनशे पाहुण्यांसमोर, आपल्याच घरच्या मांडवात नाचत होती. उघडं काहीच नव्हतं. मग गेलं काय?

गेलं ते असं की, ती ज्या दोनशे माणसांसमोर हसली होती ती माणसं तिची होती. तिथे भिजणं म्हणजे हळद होती. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी आणि माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडून. त्या निकालाच्या उजेडात पाहिलं तर तिचं काय गेलं ते स्पष्ट दिसतं. पण ठाण्यातल्या फॉर्मवर ते बसवायला कलम शोधावं लागतं. अखेर न्याय संहितेचं ७९ लागू पडलं. त्यात स्त्रीच्या खासगीपणावर अतिक्रमण असे शब्दच आहेत. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा फोन करणारे तीन नंबर होते, त्यांच्यासाठी ७८.

क्लिप काढून घेण्याचीही तीच गत. जिव्हाळ्याचे फोटो पसरू नयेत म्हणून डिसेंबर २०२१ पासून स्टॉपएनसीआयआय नावाची सोय आहे. फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, त्याचा फक्त एक सांकेतिक ठसा तयार होतो, आणि त्या ठशावरून सहभागी कंपन्या तो फोटो अडवतात. उत्तम सोय आहे, पण ती नग्न किंवा लैंगिक चित्रांसाठी. ही क्लिप तिथे बसत नव्हती. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांत तेव्हा चोवीस तासांत काढायच्या मजकुराचा जो प्रकार होता, त्यातही ती सरळ बसेना. साध्या तक्रारीला तेव्हा पंधरा दिवसांची मुदत होती. पंधरा दिवसांत अशी क्लिप कुठे कुठे पोचते ते सांगायला नको.

शेवटी चाललं काय, तर कॉपीराइट. १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा आणि चित्रफितीचा पहिला मालक पैसे देणारा असतो. शूटिंगचे पैसे काकांनी दिले होते. म्हणजे व्हिडिओ काकांचा. "माझा आहे, माझ्या परवानगीशिवाय वापरलाय" अशी काकांच्या नावाने नोटीस गेली आणि उघड्या पेजांवरच्या चार जागांवरून क्लिप तीन दिवसांत उतरली.

मला त्या दिवशी आनंद झाला आणि तितकाच रागही आला. शरीर तिचं, हसणं तिचं, आणि दार उघडलं ते काकांच्या पावतीने. सही करताना काकांचा हात थांबला होता. तीच शेजारी उभी राहून म्हणाली, "करा काका. तुमचं नाव तरी चालतंय ना." त्यानंतर काका तिच्याशी बरेच दिवस खालच्या आवाजात बोलायचे.

बंद ग्रुपांमधली क्लिप मात्र तशीच राहिली. तिथे ना नोटीस पोचते ना ठसा.

भिंतीवर कुणाला लावायचं

ती माझ्याकडे आली ती चित्र काढायला नाही. रात्री झोप येत नव्हती, दुकानात प्रत्येक गिऱ्हाईक आपल्याला ओळखतंय असं वाटत होतं. मी तिला आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोलायला लावलं, आणि ती बोलली. हे आवर्जून सांगते, कारण चित्रकलेच्या शिक्षकाने समुपदेशकाचं काम अंगावर घेऊ नये. ते मला येत नाही.

चित्राची कल्पना माझी होती, आणि पहिली कल्पना चुकीची होती. माझ्या मनात होतं की क्लिपमधली चित्रं मोठी छापावी, चेहरा खरवडावा, वर फिरवणाऱ्यांचे शब्द लिहावेत आणि समाजासमोर ठेवावेत. मी उत्साहाने बोलत होते. ती ऐकत होती. मग म्हणाली, "बाई, म्हणजे परत मलाच लावणार व्हय भिंतीवर?"

मी गप्प झाले. चांगल्या हेतूने का होईना, मीही तेच करायला निघाले होते. कलेच्या जगात हे नवं नाही. अमेरिकेतल्या रिचर्ड प्रिन्स या चित्रकाराने २०१४ मध्ये लोकांचे इन्स्टाग्रामवरचे फोटो न विचारता मोठे छापून प्रदर्शनात लावले, ते भरमसाट किमतीला विकले गेले. फोटोतल्या माणसांना त्यातलं काही मिळालं नाही. कॅनव्हास आला म्हणून उचलेगिरी शुद्ध होत नाही.

मग आम्ही उलट बाजूची कामं पाहिली. डेन्मार्कमधल्या एमा होल्टेन हिचे खासगी फोटो २०११ मध्ये चोरून पसरवले गेले. तिने २०१४ मध्ये आपल्या मर्जीने, आपण निवडलेल्या छायाचित्रकार बाईकडून नवे फोटो काढून घेतले आणि स्वतः प्रसिद्ध केले. फ्रान्सची कलावंत सोफी काल हिला संबंध तोडणारा ईमेल आला होता. तिने तो १०७ बायकांच्या हाती दिला, प्रत्येकीने आपापल्या पेशाच्या नजरेने तो वाचला, आणि ते काम २००७ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात मांडलं गेलं. बंगळुरूत जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये ब्लँक नॉइज हा छेडछाडीविरुद्धचा कलाप्रकल्प सुरू केला. त्यात बायकांनी छेडछाडीच्या वेळी अंगावर असलेले कपडे आणून दिले. चेहरा नाही, फक्त कपडे.

होल्टेनबद्दल ती म्हणाली, "तिची हिंमत मोठी. पण मला माझा फोटोच नकोय, जुनाही नको, नवाही नको." कपड्यांचं तिला पटलं. हळदीतली साडी मात्र आईने केव्हाच टाकून दिली होती.

हळद

पुढचा विचार तिचा. औषधशास्त्र शिकलेली मुलगी, तिला हळद कशाने लाल होते हे पक्कं ठाऊक. शाळेतही हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकून आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, अल्कली लागली की पिवळ्याचा लाल. कुंकू तसंच करायचे. मला माहीत होती ती दुसरी बाजू. हळदीचा रंग उन्हात उडतो. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये फुलापानांच्या रसाने कागद रंगवून उन्हात छाप उमटवण्याचे प्रयोग केले होते, त्याला अँथोटाइप म्हणतात. झाकलेल्या जागी रंग राहतो, उघड्यावरचा विरतो. हा छाप कायम होत नाही. ज्या उजेडाने तो उमटतो, तोच उजेड त्याला पुसत जातो.

हे ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग हरिपूरच्या पेवांची गोष्ट काढली. तिचे आजोबा हळदीचे हमाल होते. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यात हळद साठवत, तोंड बंद केलं की आत वारा नाही, उजेड नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचं. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. आजोबांचं वाक्य तिला पाठ होतं, "हळद अंधारात ऱ्हाती गं, उघडी पडली की जाती." ती म्हणाली, "बाई, ती क्लिप अंधारात टिकलीय. बंद ग्रुपात. आपण उलटं करू. जे उजेडात आलं की जाईल असं काहीतरी."

एवढं ठरल्यावर कामाला लागलो. कृती देते, कुणाला करायची असेल तर.

हळद पाण्यात नीट विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. ती दुकानातून सर्जिकल स्पिरिट घेऊन आली. वाटीभर स्पिरिटला दोन मोठे चमचे हळद, काचेच्या बरणीत, झाकण लावून, गॅसपासून लांब. अधूनमधून हलवायचं. तासाभराने फडक्यातून गाळलं की केशरी-पिवळा अर्क मिळतो. पांढऱ्या मलमलीवर तो रुंद ब्रशने, सावलीत, दोन हात लावायचा आणि अंधाऱ्या खोलीत वाळवायचा. आम्ही माझ्या माडीवरची धान्याची खोली वापरली. बाजारच्या तयार पुडीचा रंग पहिल्या वेळी फिका आला, दुसऱ्या वेळी मार्केट यार्डातून हळकुंडं आणून दळून घेतली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. तो रंग बरणीतच कळतो.

झाकायला काय ठेवायचं हेही तिनेच ठरवलं. घरातल्या बायकांचे हात. आईचा, आजीचा, दोन चुलत्यांचा, शेजारच्या काकींचा आणि ज्या नवरीची हळद होती तिचाही. ती माहेरपणाला आली तेव्हा मुद्दाम हात आखून देऊन गेली. हात आखले ते जुन्या लग्नपत्रिकांवर, जाड पुठ्ठा तोच मिळाला. आजीच्या करंगळीला संधिवाताचा बाक आहे, तो बाक तसाच कापला.

आणि वही. नऊ दिवसांत रात्री आलेल्या फोनच्या वेळा तिने लिहून ठेवल्या होत्या. माझं म्हणणं होतं नंबरही लावू, लोकांना लाज वाटू दे. ती नको म्हणाली. "त्यांनी माझा नंबर लावला, म्हणून मी त्यांचा लावू? नंबर पोलिसांकडे आहेत. इथे फक्त वेळ." मग पत्रिकांमधून आकडे कापले. २.१०. २.१४. २.४०. ३.०५. दोन-दोन इंचांचे आकडे, कातरीने. २.१४ चा चार कापताना तिने कातरी खाली ठेवली आणि त्या दिवशी घरी गेली. चार दिवस आली नाही. मी बोलावलं नाही.

मार्चअखेरच्या उन्हात, गच्चीवर, अकरा ते तीन. कापडावर हात मांडले, त्यांच्या अवतीभवती आकडे, वाऱ्याने हलू नये म्हणून वर खिडकीची जुनी काच आणि कडेला विटा. तीन वाजता पुठ्ठे उचलले. फिकट पडलेल्या कापडावर पिवळेजर्द हात होते, बोटं पसरलेली. आजीच्या बाकासकट. आई वर आली होती. ती हातांकडे बघत राहिली, आकड्यांकडे तिने पाहिलं नाही.

चैत्रातलं हळदीकुंकू

दाखवायचं कसं, यावर सगळ्यांत जास्त दिवस गेले, आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. कुठे, कुणाला, किती वेळ, याची उत्तरं क्लिपच्या वेळी दुसऱ्यांनी दिली होती. या वेळी प्रत्येक उत्तर तिचं होतं. एका सभागृहाची सूचना आली, ती तिने नाकारली. सांगली नाट्यपंढरी, १८४३ पासून इथे नाटक आहे, तेव्हा मंचावर काही करू असं एक उत्साही स्नेही म्हणाले, तेही नाकारलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू मात्र तिला आवडलं. कारण त्यात बोलावणं असतं. बोलावल्याशिवाय कुणी येत नाही, आणि आलेल्याला डाळ-पन्हं दिलं जातं.

माझ्याच घरी केलं. तिने बत्तीस बायकांना बोलावलं. त्यात गल्लीतल्या दोन विधवा आत्याही होत्या, ज्यांना एरवी अशा दिवशी टाळतात. हे तिचं मला फार आवडलं. जिन्याच्या खाली टोपली ठेवली, फोन त्यात. पाच-पाच जणी गच्चीवर जायच्या. कापड खोलीत काळ्या चादरीत गुंडाळलेलं, प्रत्येक गटासाठी बाहेर काढून दोरीवर लावायचं, त्या बघतील तेवढा वेळ उन्हात, मग परत आत. ती फक्त एवढं सांगायची, "तुम्ही बघताय तेवढ्यात हे थोडं उडतंय." पुढे काही समजावायची नाही.

बायकांचं बघणं त्यामुळे बदललं. काही जणी पटकन "बास, ठेव आत" म्हणाल्या. एक आत्या मात्र तशीच उभी राहिली आणि २.४० वर बोट ठेवून म्हणाली, "हे जाईपर्यंत मी हितंच बसती." तिला खुर्ची दिली.

दुपारी चारच्या गटात एका पाहुणीची कॉलेजातली मुलगी होती. तिच्याकडे दुसरा फोन होता. तिने कापडाचा फोटो काढला, सहज, वाईट हेतू नसणार. क्लिकचा आवाज आला. मी पुढे होणार इतक्यात हिने माझा हात धरला. त्या मुलीजवळ गेली आणि म्हणाली, "काढून टाक. मला विचारलं नाहीस." आवाज चढला नव्हता. मुलगी गोरीमोरी झाली, फोटो काढून टाकला. ही म्हणाली, "डिलीट झालेल्यातूनही." तिथूनही काढला. मग हिने तिला आत नेऊन पन्ह्याचा पेला दिला आणि दोघी धान्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर बराच वेळ बोलत बसल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

फेब्रुवारीपासून ते वाक्य तिच्या तोंडून कुणालाच गेलं नव्हतं. जाणार कुणाला? ज्याने कापलं तो दिसत नव्हता, ज्यांनी फिरवलं ते शेकडो. समोर माणूस उभं राहून "मला विचारलं नाहीस" म्हणता येणं, आणि ते ऐकलं जाणं, हे त्या दिवशी झालं. कापड नसतं तर ते झालं नसतं, असं मला वाटतं.

संध्याकाळी तिने विड्याच्या चुन्याची निवळी फवाऱ्याच्या बाटलीत भरली आणि फक्त हातांवर मारली. आकड्यांना पुठ्ठा आड धरला. पिवळे हात बघता बघता कुंकवासारखे लाल झाले. आजी म्हणाली, "अगं बाई, मळवट भरल्यागत दिसतंय." चुन्याचा लाल फार टिकत नाही, हवेतच परत पिवळ्याकडे वळतो. टाकणखाराने जास्त टिकला असता. टिकवायचा नव्हता, म्हणून चुना.

पुढचे आठ दिवस कापड गच्चीवरच होतं. आकडे आधी गेले, हात मागून.

काय झालं, काय नाही

क्लिप आधी कुणी कापली ते हे लिहीपर्यंत कळलेलं नाही. फोन करणाऱ्या तिघांपैकी दोघांना पोलिसांनी बोलावून जबाब घेतले. तिने नंबर बदलला नाही, दुसरा घेतला, जुना फोन दुकानात ड्रॉवरमध्ये असतो. दुकानात येऊन उगाच हसणारी दोन-तीन पोरं अजून आहेत. त्यांच्यापर्यंत कापड पोचलं नाही, पोचणारही नव्हतं. ज्याला कळवायचं आहे त्याच्यापर्यंत कला नेहमी जात नाही, हे मला या वयात मान्य करायला जड गेलं.

तक्रार आणि नोटीस झाली नसती, तर नुसत्या कापडावर मी समाधान मानलं नसतं. क्रम तोच ठेवावा, आधी पुरावा, मग तक्रार, मग झोप आणि जेवण, मग वाटलं तर चित्र. आणि चित्र नको असेल तर नको. तिच्या जागी दुसरी असती आणि तिला फक्त विसरायचं असतं, तर माझी कल्पना मी माझ्याकडे ठेवायला हवी होती.

एक गोष्ट राहिली. ग्रुपवर क्लिप पुढे ढकलणाऱ्यांत तिचा मावसभाऊही होता. एप्रिलमध्ये तो माझ्या घरी आला, जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला, माफी मागायची आहे म्हणाला. ती वर होती. मी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "आज नको. कधी ते मी सांगीन." तो परत गेला. अजून तिने सांगितलेलं नाही.

मे महिन्यात मी तिच्या घरी गेले तेव्हा आई गच्चीवर कुरडया घालत होती. खाली पसरलं होतं ते तेच कापड, धुतलेलं, पांढरं. मी एक कोपरा उलटून पाहिला. दुमडून शिवलेल्या काठाच्या आत, जिथे ऊन पोचलं नव्हतं, तिथे बोटभर पिवळी रेघ होती. आई म्हणाली, "बाई, तेवढा कोपरा सोडा खाली, कुरडई चिकटंल."